कारणाचा रकाना

फेअरबँक्स, अलास्का
शनिवार, १४ जानेवारी २००६

संध्याकाळपासून चैन नाही. गाड्यांचा धूर कमी करण्यावर पीएचडी करतेय, म्हणून आज दुकानाच्या पार्किंगमध्ये, मालक दुकानात आणि इंजिन चालू, अशा गाड्या मोजल्या. एका आजोबांना वर ऐकवलंही, "इंजिन बंद करा, इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरची वायर खांबावरच्या प्लगला लावा. गोठणार नाही." ते शांतपणे म्हणाले, "आणि ती निळी कोणाची?"

माझीच. मधूनमधून हात शेकायला तासभर चालू ठेवलेली. वायर बॉनेटखाली नुसती लोंबत होती.

यादीत घालू की नको? ती लोंबती वायर डोळ्यांसमोरून जातच नाही. शेवटी घातली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'थंडी'.

वरच्या सगळ्या गाड्यांपुढे मी 'आळस' लिहिलंय.