घरी कोण आहे?

आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितोय. मी बरा आहे. दोन वेळचं जेवण मिळतं, अंगावर कोणी हात टाकत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? गोळ्या संपल्या असतील तर शेजारच्या काकूंना आणायला सांग, भीड धरू नकोस.

परवा जामिनाची सुनावणी झाली. माझ्या माल उचलायच्या गाडीचा धक्का लागून गोदामातली मांडणी कोसळली आणि पहारेकरी गेला, ते तुला ठाऊक आहेच. ब्रेक लागत नाहीत हे मी मुकादमाला दोनदा सांगितलं होतं. आता तो कानांवर हात ठेवतो.

कोठडीतले एक म्हातारे आदल्या दिवशी म्हणाले, "घरी कोणी नाही म्हण. परत जायची ओढ दिसली, तर परदेशातून आलेल्या माणसाला सोडत नाहीत."

न्यायाधीशबाईंनी दुभाष्यामार्फत विचारलं, "इथे तुला जामीन कोण राहील?"

"कोणी नाही."

"आणि घरी कोण आहे?"

सकाळपासून घोकलं होतं गं, पण जीभ रेटेना. "आई आहे," म्हणालो, "एकटी." आणि भर कोर्टात रडलो.

"म्हणजे सुटलास की पळणार," म्हणून त्यांनी अर्ज फेटाळला. पासपोर्टही त्यांच्याकडेच आहे, तरी!

दोन महिन्यांनी वकील पुन्हा अर्ज करतील. पुन्हा हेच विचारतील. आई, तूच सांग, काय उत्तर देऊ?

तुझा,
लेक