जवळ काय होतं

२ मार्च, रविवार
आजपासून ही वही. डॉक्टरीणबाईंनी ऋतुजासाठी वेगळी वही दिलीय. तीत तीन रकाने : तारीख, आकडा, आणि ‘त्या वेळी जवळ काय होतं’. आकडा म्हणजे पोरीने प्लॅस्टिकच्या नळीत जीव खाऊन फुंकायचं आणि काटा कुठवर गेला ते बघायचं. मी त्या नळीला फुंकणी म्हणतो. दोनशेच्या वर चांगलं. दीडशेच्या खाली निळा पंप. शंभराजवळ आलं तर तडक दवाखाना. त्या वहीत विचारांना जागा नाही, म्हणून ही माझी स्वतःची.
पोरगी सात वर्षांची. दम्याचं कारण शोधा, असं बाई म्हणाल्या. बावीस वर्षं मिरची कांडप चालवतोय. पोत्यात एक खडा आला तरी मशीनच्या आवाजावरून ओळखतो. कारण आठ दिवसांत काढतो.
आजचा आकडा १४०. जवळ : शेजारच्या सयाजीची कबुतरं.

५ मार्च, बुधवार
सयाजीला कबुतरं हलवायला सांगितलं. तो म्हणाला, दहा वर्षं आहेत. मी म्हटलं, म्हणूनच. बिचाऱ्याने भावाच्या शेतावर नेऊन सोडली.
१३५.
एखादं पीस राहिलं असणार.

९ मार्च, रविवार
धनाने विषय काढला. (धनलक्ष्मी, माझी बायको. माहेर अक्कलकोटकडचं. मनातलं पोटात राहत नाही.) तिचं म्हणणं, घर वर, कांडप खाली, तिखट जिन्याने वर येतं, मग कबुतरांना कशाला दोष? मी शांतपणे समजावलं. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, चाळीस वर्षं हेच तिखट हुंगलं. अप्पा खोकायचे, पण तो स्वभाव होता, आजार नव्हे. तिखटाने छाती मोकळी होते. सर्दी झाली की लोक झणझणीत रस्सा पितात तो काय उगीच?
धनाने उठून खिडकी लावली. पटलं असावं.
आजपासून केळी, दही, पेरू बंद.

१३ मार्च, गुरुवार
१३०. केळी निर्दोष.
आता संशय सशावर. ऋतुजाचा कापडी ससा, एक डोळा गेलेला, तो घेतल्याशिवाय झोपत नाही. बाई म्हणाल्याच होत्या, मऊ खेळण्यात धुळीचे किडे असतात, गरम पाण्याने धुवा. धुण्यापेक्षा माझ्या डोक्यात भारी आयडिया आली. मिरचीच्या गोदामात किडा-मुंगी टिकत नाही. ससा तिथे ब्याडगीच्या पोत्यांवर ठेवून दिला. दोन महिन्यांत एकदम स्वच्छ.
पोरगी रडली. रडल्यावर धाप लागली. निळा पंप दिला. बाईंनी दिलेला दुसरा, तपकिरी पंप रोज द्यायचाय, पण मी दिवसाआड देतो. सवय लागते म्हणतात. कोण म्हणतं ते आठवत नाही.

२४ मार्च, सोमवार
दिवसच वाईट. भर सीझनमध्ये कांडपाची मोटर जळाली. मिस्त्री म्हणतो, चार दिवस.
सात रस्ता चौकात मोकळा हिंडताना हवा शुद्ध करणारं एक झाड दिसलं. घेतलं. ऋतुजाच्या उशाशी ठेवलं.

२८ मार्च, शुक्रवार
१५५. १७०. १८५. आज १९५! पोरगी जिना न थांबता चढली आणि वरून ओरडली, पप्पा, बघा. मला भरून आलं. चार दिवसांत केवढी कमाल केली त्या झाडाने! आणखी तीन आणतो.
मोटरही आली. उद्या सकाळी आठला कांडप सुरू. सगळं एकदम मार्गी लागलं.

३० मार्च, रविवार. पाडवा.
१३०.
झाडाला पाणी जास्त झालं असणार.

२ एप्रिल, बुधवार
दगडाबाईने आज तोंड उघडलं. ती माझ्याकडे पंधरा वर्षं मिरचीचे देठ खुडते, मशीनपाशी नाकातोंडाला फडकं बांधून बसते. म्हणाली, “मालक, मी फडकं बांदते तरी खोकला हटत न्हाय. ते तर वर झोपणारं लेकरू हाय की.”
तिला म्हटलं, तुला तंबाखूने खोकला येतो. ती तंबाखू खात नाही, हे नंतर लक्षात आलं.

११ एप्रिल, शुक्रवार
लिहायला हात चालत नाही.
लग्नाची ऑर्डर होती, चाळीस किलो काळं तिखट. दुपारी मिरची भाजून कांडायला घेतली. तासाभराने धनाने वरून हाक मारली, नाव न घेता, नुसती हाक. गेलो तर ऋतुजा खिडकीची सळई धरून उभी. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. फुंकणी ९०. पंप दिला. परत दिला. तसाच, मशीनवरच्या कपड्यांनिशी तिला उचललं, रिक्षात मांडीवर घेऊन छातीशी घट्ट धरलं. जितकं घट्ट धरावं तितकी ती जास्तच धापायला लागली. बोलता येत नव्हतं, हाताने मला ढकलत होती. मला वाटलं, पोरगी गेली. देवाला म्हटलं, माझा श्वास काढून घे, पण हिला दे.
दवाखान्यात नर्सने तिला माझ्या मांडीवरून काढून घेतलं, वाफ दिली. संध्याकाळपर्यंत उतार पडला.
डॉक्टरीणबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि बोलता बोलता चार वेळा शिंकल्या. धंदा काय करता, विचारलं. मी म्हटलं, मसाल्याचा. खिडकी उघडून त्या बराच वेळ बोलल्या. माझं अर्धं लक्ष त्यांच्या शिंकांकडे. ज्यांना स्वतःलाच ॲलर्जी, त्या दुसऱ्याचं निदान काय करणार?

१२ एप्रिल, शनिवार
तरी संकल्प केला. जिन्याला प्लॅस्टिकचा पडदा. तपकिरी पंप रोज, एकही खाडा नाही.

१९ एप्रिल, शनिवार
पडदा लावला. १२५. पडद्याच्या वरच्या बाजूला तांबूस थर बसलाय. रंग छान आलाय यंदा ब्याडगीला.

२६ एप्रिल, शनिवार
धना ऋतुजाला घेऊन माहेरी गेली. सुट्टी आहे म्हणून, असं मी सगळ्यांना सांगतोय. जाताना धनाने पेटीत पावसाळी चप्पलही भरली. एवढी कशाला, ते विचारलं नाही.
घर फार शांत आहे. म्हणजे मशीन चालू असतं, तरीही.

१० मे, शनिवार
फोनवर आकडे येतात. १७०, १९०, २०५, २१०. सासूबाईंकडे कुत्रं आहे, गाय आहे, चूल आहे, कोंबड्या आहेत. तरी २१०. मी खूप विचार केला. पाणी! तिकडच्या विहिरीचं पाणी. दोन कॅन एसटीने पाठवता येतील का, असं सासऱ्यांना विचारलं. त्यांनी फोन सासूबाईंकडे दिला.

१ जून, रविवार. सकाळ.
गिऱ्हाईक ओसरलं. आज लेकीला भेटायला निघालो. ससा गोदामातून काढला. अडीच महिने झाले, किडा औषधाला सापडायचा नाही. तो बघून पोरगी किती खूश होईल!

१ जून. संध्याकाळ, सासुरवाडी.
ती अंगणातून पळत आली. मला मिठी मारली, मग सशात तोंड खुपसलं, मग परत माझ्या शर्टात. पाच मिनिटांत खोकायला लागली. दहा मिनिटांत छातीची तीच शिट्टी, तेच ओढणं. धनाने पंप दिला. १२०.
मी म्हटलं, एसटीतली धूळ. सासूबाई शांतम्मा मोरीकडे बोट दाखवून कानडीत म्हणाल्या, “मोदल जळका माड्री.” आधी अंघोळ करा. जावयाला असं कुणी सांगतं का? पण उठलो. पहिल्या बादलीचं पाणी मोरीतून लालसर गेलं. दुसऱ्या बादलीलाही डोळे झोंबले. तिसरी ओतली आणि तिथेच पाटावर बसलो. रडलो असेन. तिखटाने डोळ्यांत पाणी येतंच.
माझे कपडे त्यांनी गोठ्यामागे टाकले. ससा धुऊन कानांनी दोरीवर टांगला. मी सासऱ्यांचं धोतर नेसून ओसरीवर बसलो. ऋतुजा लांबून बघत होती. धनाने मान हलवल्यावर जवळ आली आणि मांडीवर झोपली. श्वास एकसारखा, आवाज न करता. मी हललो नाही.

२ जून, सोमवार
निघायच्या आधी डॉक्टरीणबाईंची वही चाळली. तिकडे गेल्यापासून ती ऋतुजाच भरते. कालच्या दोन ओळी, तिच्या दुसरीतल्या अक्षरात :
१२०. जवळ : पप्पा, ससा.
२१०. जवळ : पप्पा (आंघोळ केलेले).
मार्चपासूनची माझी पानं उलटली. कबुतरं, केळी, दही, ससा, झाड. सगळ्यांची नावं होती. प्रत्येक वेळी फुंकणी धरून मी तिच्या शेजारी उभा होतो.
वही तिथेच ठेवून आलो.

१६ जून, सोमवार
शाळा सुरू झाली. ऋतुजाचं नाव तिकडच्या शाळेत घातलंय.
पाऊस पडण्याआधी तिखट करून घ्यायचं राहिलेली चार-पाच गिऱ्हाइकं आठ वाजता डबे घेऊन आली. मशीनच्या बटणावर हात ठेवला. बटण दाबलं गेलं नाही. मोटर जळालीय, असं सगळ्यांना सांगितलं. दगडाबाईने मोटरवर तळवा टेकवून पाहिला. थंड होती, वासही नव्हता. ती उठली आणि मिरचीची पोती झाकून आली.
साडेआठला लेकीचा फोन. २२०, पप्पा.
सवयीने विचारलं, जवळ काय आहे?
ती म्हणाली, “कुणी न्हाय.”