मधमाशीच्या डिंकाचे अनुपान

ता. ४ नोव्हेंबर १९३३, शनिवार. सोलापूर.
घसा आजही बसलेलाच. वर्गात पोरे हसतात. पुढच्या महिन्यात आमच्या मद्यपाननिषेध मंडळाची जाहीर सभा. चिटणीस मी, मुख्य भाषण माझे. लायब्ररीतल्या इंग्रजी मासिकात रामबाण उपाय सापडला : प्रोपोलिस. म्हणजे मधमाश्या पोळ्याच्या फटी बुजवायला वापरतात तो डिंक. घसा, खोकला, जखमा, सगळ्यांवर चालतो म्हणे. शिवाय संपूर्ण नॅचरल, म्हणजे अपायाचा प्रश्नच नाही.

ता. ६
अक्कलकोटचा मधवाला गुरुबसप्पा दारावर आला. त्याच्याकडून डिंकाचा गोळा घेतला. म्हणाला, "ह्येचं काय करता मास्तर, आमी तर टाकून देतो की." अज्ञान! गोळा चघळला. दातांना चिकटला. इतिहासाचा तास खुणांनी घेतला.

ता. ७
काढा केला. पाण्यात विरघळत नाही. पातेले गेले. सौ. गोदावरी दुपारभर चिंच लावून घासत होती.

ता. ९
मासिक पुन्हा वाचले. हा डिंक अल्कोहोलमध्येच विरघळतो. दिवसभर मन खात होते. गोदावरीचे वडील, हिचे दादा, मोडनिंबचे कुलकर्णी. वतन, जमीन, बायकोचे दागिने, सगळे त्यांनी दारूत घातले. आमचे लग्न ठरताना हिने एकच चौकशी करायला लावली होती : मुलगा पितो का?

पण औषध वेगळे आणि दारू वेगळी. वैद्य मात्रा मधातून देतात, त्या मधाला अनुपान म्हणतात. रोग्याने मध खाल्ला असे कोणी म्हणत नाही. कंपाउंडरला विचारले. स्पिरिट पोटात घेऊ नका म्हणाला, ब्रँडी न्या. झाले, मेडिकल ओपिनियन मिळाले! घरी 'अर्क' एवढेच सांगितले.

ता. १४
गुण! दहा थेंब कोमट पाण्यातून. घसा मोकळा, अंगात ऊब, मनाला हुशारी. मंडळाच्या बैठकीत मी एकटाच बोललो. ओठांवर बारीक पुरळ आहे. उष्णता बाहेर पडत असावी.

ता. १८
ओठ वांग्याएवढा. डॉक्टर म्हणाले, काही लोकांना हा डिंक सोसत नाही, आजपासून बंद. मी हट्टी नाही. डिंक बंद केला. नुसते अनुपान चालू ठेवले.

ता. २१
सूज उतरली. गुण मात्र तोच, किंबहुना जास्त.

ता. २५
थेंब मोजण्यात फार वेळ जातो. चमचा सुरू केला.

ता. २८
आमचे चमचे फार लहान आहेत. पेला बरा. गोदावरी शेजारून जाताना थांबली, माझ्याकडे पाहिले, आत गेली. बायकांना नव्या औषधांची भीती असतेच.

ता. ३ डिसेंबर, रविवार.
सभा गिरणीच्या चाळीपुढे. घसा उत्तम लागला. दारूने उद्ध्वस्त झालेल्या संसारांचे वर्णन करताना मला स्वतःलाच रडू आले, ते आवरेना. पुढे बसलेला रेवणसिद्ध जॉबर, गिरणीतला मुकादम, उठून म्हणाला, "मास्तर, वास तर तुमच्याच तोंडाला येतूया की!" लोक हसले. अध्यक्षांनी टांगा बोलावला. प्रकृतीच्या कारणास्तव चिटणीसपद सोडले. स्वतःहून. बाकी आता बंद म्हणजे बंद.

ता. ४
बंद.

ता. ५
एकदम बंद केल्याने प्रकृतीला धक्का बसतो. हळूहळू सोडावे.

ता. ९, शनिवार. संध्याकाळ.
बाटली संपली. कोट चढवला. भवानी पेठेतून जायचे म्हणजे पोरांचे पालक भेटणार. गोदावरी दारात आडवी आली. पदराखालून बाटली काढली, भरलेली. मोलकरणीकडून आणवली म्हणाली. "तुम्ही बाहेर जाऊ नका. आईसुद्धा दादांना घरातच आणून द्यायची. निदान लोक तरी बघत नाहीत."

क्षणभर बरे वाटले. औषध पटले एकदाचे हिला! मग तिने पेला आणला, पदराने पुसला, माझ्यापुढे ठेवला आणि दार लावून घेतले. रडली नाही, रागावली नाही. लहानपणापासून पाहिलेले काम करावे तसे केले. मला लाज वाटली. जन्मात कधी वाटली नव्हती एवढी. पेला बराच वेळ तसाच धरून बसलो.

मग घेतला.