खरं बोलल्याशिवाय मंत्र नाही

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? भाऊजींना जिना चढायला अजून मनाई आहे का? (ते ऐकत नसणारच.) आम्ही ठणठणीत आहोत.

रविवारी दुपारी आम्ही जेवणाच्या टेबलावर राक्षस मारतो, हे तुला ठाऊक आहेच. मी गोष्ट सांगतो आणि राक्षसांच्या वतीने खेळतो, बाकीचे फासे टाकून वीर होतात. माझा मेहुणा, जो एरवी लोकांचे दात काढतो, तो जादूगार. त्याच्याकडे आगीचा एक मंत्र होता. मी महिनाभर राबून उभा केलेला राक्षस तो एका फाशात भाजून काढायचा, आणि आमची ही (चोर) व वरच्या मजल्यावरचे घड्याळजी (योद्धा) नुसती बिस्किटं खात बसायचे. शेवटी ही म्हणाली, जादूचं काहीतरी कर, नाहीतर मी दुपारी झोपत जाईन.

म्हणून मी जादूचे नियम मुळापासून बदलले. मंत्र कोणीही टाकावा, पण त्यासाठी आजवर लपवलेली एक खरी गोष्ट बोलायची. मंत्र जेवढा मोठा, तेवढी गोष्ट मोठी. (हे सुचलं तेव्हा मी स्वतःवर इतका खूश झालो की दाढी करताना गाल कापला.)

काल पहिल्यांदा खेळलो. दिवा पेटवायला मेहुण्याने कबूल केलं की तो स्वतः दिवसातून एकदाच दात घासतो. कुलूप उघडायला घड्याळजी म्हणाले की आमचं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी दुरुस्त केलंच नव्हतं, नुसतं झटकलं होतं. आम्ही पोट धरून हसलो. मग ड्रॅगन आला. तिघेही मरायला टेकले. मेहुणा किरकोळ गोष्टी पुढे करू लागला, मी एकही चालू दिली नाही. तेव्हा ही शांतपणे म्हणाली, "मी बँकेतली नोकरी सोडली. तीन आठवडे झाले. रोज डबा घेऊन सुतारकाम शिकायला जाते."

ड्रॅगन मेला, असं मी फासे न टाकताच जाहीर केलं. मग तिने कपाटामागून स्वतः केलेलं एक स्टूल काढलं. डुगडुगत होतं, पण तिचा चेहरा बघून मी त्यावर बसलो. राग यायला हवा होता खरा. पण इतकी खूश मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती, आणि तिचा हात हातात घेतला तर तो चांगलाच खडबडीत लागला. तीन आठवडे मला तेवढंही कळलं नव्हतं.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. पुढच्या रविवारपासून राक्षसांनाही हाच नियम, असं तिने ठरवलंय. राक्षस म्हणजे मी. आणि लग्नाआधीची माझी ती अकरा पत्रं तू लिहून दिली होतीस, हे तिला अजून माहीत नाही.

ता. ता. क. मी कबूल करणार आहे. पण तोंडी जमायचं नाही, लिहूनच देतो. तेवढ्या चार ओळी शनिवारपर्यंत लिहून पाठव. मनापासूनच्या वाटतील अशा.