रिकामी कडी

३ मार्च, सोमवार

पोचले एकदाची! येताना बोटीने असं काही हलवलं की सकाळचा चहा समुद्राला परत करावा लागला. शेजारचे आजोबा मात्र शांतपणे केळं खात बसले होते. पोहायला शिकवते म्हणते आणि हिला बोट लागते, असं त्यांना वाटलं असणार. वाटू दे. तलावाचं पाणी हलत नाही हो, आजोबा.

खोली ऑफिसच्या वरच आहे. एक पलंग, एक टेबल, भिंतीला चार खुंट्या आणि आधी खोकून मग पाणी सोडणारा नळ. खिडकीतून धक्का दिसतो, आमची पिवळी होडी दिसते, आणि पलीकडे समुद्र असा निळा की उगीचच शंका यावी. मी लगेच फोटो काढून धाकट्या बहिणीला पाठवला. तिचं उत्तर आलं, मला जळवायला पाठवलंस ना? अर्थात!

काम मजेचं आहे. पाहुण्यांना एका दिवसात सगळं बेट दाखवायचं. सकाळी होडी, मग झाडांवरून तारेला लटकून घसरायचं, मग धबधबा, मग गुहा, शेवटी किनाऱ्यावर डबे खाऊन संध्याकाळी परत. पुढे चालणारा गाइड बडबड्या आहे, सगळे त्याला म्होरक्या म्हणतात. शेवटी चालणाऱ्या गाइडला म्हणतात शेपूट. ते मी. एवढं शिकून शेवटी शेपूट झाले, हे धाकटीला सांगितलं तर वर्षभर चिडवेल.

ऑफिस सांभाळणाऱ्या मालकीणबाई बोलतात कमी आणि बघतात जास्त. होडीवाले काका त्याच्या उलट. सामान वर आणून देता देता त्यांनी आपल्या गुडघ्याचा सगळा इतिहास सांगितला.

आई गेल्यापासून धाकटीला सोडून पहिल्यांदाच राहतेय. तिची परीक्षा पुढच्या आठवड्यात संपते. पंधरा तारखेच्या सहलीत तिची जागा मी आजच राखून ठेवलीय.

५ मार्च, बुधवार

पहिली सहल पार पडली. पाय माझे राहिलेले नाहीत, पण मन खुशीत आहे.

पाहुणे एकेक नमुने. एक नवं जोडपं होडीत चढतानाच भांडलं ते किनाऱ्यावर डबा उघडेपर्यंत. दोन निवृत्त बहिणी होत्या. त्यांतली थोरली तारेवरून घसरताना धाकटीला वरूनच ओरडून सांगत होती, टोपी धर गं, टोपी! अगदी मीच.

गुहा सगळ्यात भारी. समुद्र ओसरला की तिचं तोंड उघडं पडतं. गुडघाभर पाण्यातून आत शिरायचं आणि आरपार चालून पलीकडच्या किनाऱ्यावर निघायचं. काका आम्हाला या तोंडाशी उतरवतात आणि होडी वळसा घालून पलीकडे आणतात. आत सगळ्यांनी एकच लांब दोर धरायचा. दोराला ठरावीक अंतरावर धरायला कड्या बांधलेल्या आहेत, माणशी एक. मधल्या वळणावर म्होरक्या ओरडतो, दिवे बंद! मग डोक्यावरचे दिवे मालवून मिट्ट काळोखात तेवढा पल्ला चालायचा. लोक किंचाळतात, हसतात. याचसाठी ते येतात म्हणे.

मालकीणबाईंनी मला एकच नियम बजावून सांगितला. शेपटाच्या मागे दोराची एक कडी कायम रिकामी सुटी ठेवायची. का, असं विचारलं तर म्हणाल्या, इथली पद्धत आहे. एरवी तोंडाला कुलूप नसलेला म्होरक्या तेव्हा बुटाची नाडी बांधत बसला.

मला ते काही पटलेलं नाही. पाण्यात मोकळा लोंबता दोर म्हणजे अपघाताला आमंत्रण. आजच काळोखात मागचं टोक कुठल्याशा दगडात अडकलं आणि ताणलं गेलं. उजेडात आल्यावर आपोआप सुटलं.

७ मार्च, शुक्रवार

दोर आजही ताणला गेला. दगड असता तर एकाच जागी अडकला असता. हा दिवे मालवल्यापासून उजेड दिसेपर्यंत ताणलेलाच राहतो, आणि माझ्याबरोबर चालतो. मी थांबले की सैल, मी निघाले की पुन्हा ताठ. आईच्या पदराचं टोक धरून पोर चालतं ना, तसा.

पाण्याची ओढ असेल. म्होरक्याला विचारलं तर म्हणाला, मागे लक्ष देऊ नकोस, पुढच्या माणसाकडे बघ. काळोखात पुढच्या माणसाचं काय बघू, कपाळ?

उद्यापासून ते टोक मी गुंडाळून कमरेला बांधणार. तलावावर मुलांना इतकी वर्षं हेच शिकवत आले, सुटा दोर दिसला की आधी गुंडाळा. बाईंना कळायची गरज नाही.

८ मार्च, शनिवार

टोक गुंडाळलं, कमरेला पक्कं बांधलं. दिवे मालवले. दोर अजिबात ताणला गेला नाही. मनात म्हटलं, बघा, झालं की नाही काम?

मग कुणीतरी माझं डाव्या हाताचं बोट धरलं.

ओढलं नाही, दाबलंही नाही. नुसतं धरलं, गार, ओलं. मला वाटलं पुढच्या काकू घाबरल्या असतील. मी बोलायलाही गेले, काकू, घाबरू नका. पण काकूंचा आवाज बराच पुढून आला, आणि माझा डावा हात मागे होता.

उजेडात आले. हात मोकळाच दिसतो. मागे कुणी नाही. गार पाण्याने बोट आखडलं असेल. जेवणानंतरही ते धरल्यासारखंच वाटत होतं. आत्ता लिहितानाही वाटतंय.

१० मार्च, सोमवार

काल सुट्टी होती. दिवसभर ऊन खाल्लं, कोमट पाण्यात हात बुडवून बसले. बोट सुटलं नाही. आता मनगट धरलंय.

दिसत काहीच नाही. पण दारातून आत आले की डावा हात क्षणभर मागे राहतो, मागून येणाऱ्याला वेळ लागावा तसा. जिना चढताना मी थांबले की पाठीला हलकासा धक्का बसतो. माझ्यामागोमाग चालणारं कुणीतरी उशिरा थांबतं.

धाकटीचा फोन आला. पेपर सोपा गेला म्हणाली. आवाज असा का येतोय तुझा, विचारलं. सर्दी झालीय, म्हटलं.

११ मार्च, मंगळवार

आज राहवलं नाही. धक्क्यावर म्होरक्याला आणि काकांना सगळं सांगून टाकलं. टोक गुंडाळल्याचंही.

म्होरक्याच्या तोंडचं पाणी पळालं. उठून सरळ निघूनच गेला. काका होडीच्या कडेला टेकले. म्हणाले, पोरी, ती कडी त्याच्यासाठी असते गं. धरायला काहीतरी दिलं की ते उजेडापर्यंत येतं आणि गपचूप सोडून देतं. तू ते काढून घेतलंस.

ते म्हणजे कोण, मी विचारलं. काकांना माहीत नाही. ते कधी गुहेत पाऊल टाकत नाहीत, एवढंच.

माझ्याआधीच्या शेपटाच्या हातून एकदा कडी तुटून आतच राहिली होती. तिचंही पहिल्यांदा बोटच धरलं. मग वर वर चढत गेलं. गळ्याशी आलं त्या दिवशी ती चालत गुहेत गेली, पाणी भरतीचं असताना. तिची खोली म्हणजे माझीच खोली.

मला कुणी सांगितलं का नाही? पद्धत आहे म्हणे. सांगितलं तर कोण येईल कामाला, असं मालकीणबाई म्हणतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि लगेच विझलीही. कोपराखाली कुणीतरी मूठ बदलून पकड वर सरकवली.

१२ मार्च, बुधवार

मालकीणबाईंनी स्वतःच बोलावून घेतलं. उपाय आहे म्हणाल्या. एकदा हात धरला की ते पुन्हा दोर धरत नाही, त्याला हातच लागतो. तेव्हा पुढच्या सहलीत काळोखात शेवटी पाहुण्यांपैकी एकाला ठेव आणि तू त्याच्या पुढे चाल. पाहुणा घरी निघून जातो, आपल्याला काही त्रास नाही. हे सांगताना त्या चष्मा पुसत होत्या.

मी म्हटलं, जमणार नाही. त्या म्हणाल्या, विचार कर, शेपटाशिवाय सहली बंद पडतील.

कुणाला ठेवू? टोपी सांभाळणाऱ्या त्या बहिणीला?

धाकटीला फोन केला. येऊ नकोस म्हटलं. इथे साथ आलीय, वादळ आहे, सुट्टी नाही, जे सुचेल ते सांगितलं. ती म्हणाली, ताई, तू रडतेयस.

१३ मार्च, गुरुवार

दंड. आता दंडाला धरलंय. शर्ट चढवताना बाही —

बाईंचं मी मानणार नाही. पण काकांना विनवून दोर मागितलाय. मागे एक नाही, चांगल्या तीन-चार कड्या सुट्या सोडून एकटीनेच आत जाईन. धरेल एखादी. का नाही धरणार? इतकी वर्षं धरतच होतं ना. उद्या दुपारी पाणी ओसरेल तेव्हा.

१४ मार्च, शुक्रवार, सकाळ

धाकटी आली.

सकाळच्या बोटीने. परीक्षेच्या बॅगेसकट. तुझा आवाज ऐकून घरी बसवेना, म्हणाली. मिठी मारायला धावली, मी डावं अंग चुकवून बाजूला झाले, तर तोंड एवढंसं झालं तिचं. कसं सांगू?

थोडंच सांगितलं. ऑफिसात बस, इथून हलू नकोस, संध्याकाळी आपण दोघी मिळून परत जाऊ. बाई तिला पाणी देत होत्या. गोड बोलत होत्या.

खांद्याशी आलंय. निघते.

१४ मार्च, संध्याकाळ

सुटलं. वळणावर, काळोखात. खांद्यावरून बोटं एकेक करून उचलली गेली. मागे दोर ताणला गेला. मी रडत, हसत चालत राहिले. उजेड आला. वाळूवर आले. हात हलका, माझा हात, माझा!

मागे वळून पाहिलं. दोर अजून ताठच. आणि त्याला धरून काळोखातून बाहेर आली — धाकटी.

शेवटच्या कडीला धरून. भिजलेली, हसत. म्हणाली, बाईंनीच छोट्या होडीतून आणून सोडलं, ताई घाबरलीय, मागून गुपचूप शेवटची कडी धर, तिला धीर येईल.

मी धावले. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

ती म्हणाली, ताई, बोट सोड ना माझं, दुखतंय.

माझे दोन्ही हात तिच्या गालांवर होते.

१५ मार्च, शनिवार

माझ्या अंगावर चढायला त्याला आठवडा लागला. धाकटीला एक रात्र. सकाळी कोपर. आता खांदा.

ती रडत नाही. मला धीर देते. वेडी.

बाई धक्क्यावर आल्या होत्या. शेपूट म्हणून मला कामावर ठेवायला तयार आहेत. काकांनी त्यांच्या तोंडावर आम्हाला घेऊन होडी सोडली. डोळे पुसत होते.

गुहेच्या तोंडाशी बसलोय. पाणी अजून कमरेइतकं आहे. ओसरायची वाट —  नुसतं पाण्याकडे बघत बसवत नाही, म्हणून लिहितेय.

ठरलंय. धाकटी पुढे, मी मागे. दोर नाही. तिला सांगितलंय, उजेड दिसला की पळ, मागे वळायचं नाही, तोवर काका होडी पलीकडे आणतील. ती म्हणते, आणि तू? म्हटलं, मी आहे ना मागे. आयुष्यभर हेच तर सांगत आले.

दोघींच्या मध्ये थोडी जागा सोडावी लागते. तिथे —

गळ्याला हात लावतेय ती. पाणी उतरत का नाही

थांबवत नाही. इथेच. उन्हातच. मी तिच्या मागे जाऊन बसलेय, त्या जागेच्याही मागे. डावा हात पुढे केलाय. ये. माझा घे. हा घे. तिला सोड —

ती म्हणते सुटलं. सुटलं, ताई! उडी मारून उठली. मान मोकळी, हात मोकळा. काका तिला होडीत ओढताहेत. जा, धाकटे, जा, वळू नकोस

डावा हात तर अजून रिकामाच आहे. मग ते कुठे

गार. उजव्या हाताला, पेनाच्या बो