तितर भांडायला येतो

बाबा, काल सकाळी नांदुऱ्याबाहेर, रेल्वेफाटकापलीकडच्या कपाशीत तितर ओरडला आणि मी चालता चालता थांबले. शाळेत मुलांना मी तितर आणि बटेर यांतला फरक शिकवते. दोघेही जमिनीवर राहणारे, जमिनीवरच अंडी घालणारे. तितर अर्धवट वाढलेल्या कोंबडीएवढा, चाहूल लागली की पळत सुटणारा. बटेर मुठीत मावेल एवढा, पाय पडायची वेळ येईपर्यंत गवतात दबून बसणारा. हे सगळं पुस्तकात आहे. तुम्ही सांगितलेला फरक मात्र मी अजून एकाही वर्गात सांगितलेला नाही.

बीबीच्या बसस्टँडसमोर तुमचं सायकल दुरुस्तीचं दुकान. दाराशी टांगलेला पिंजरा, त्यात पाळलेला तितर, वर तुमच्या जुन्या लुंगीचं कापड. पंक्चर झालेली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबून तुम्ही बुडबुडे शोधताय आणि सांगताय, "पाळलेला तितर वावरात नेऊन ठेवला का तो ओरडते. बाहेरच्याले वाटते, माह्या हद्दीत हा कोण आला बे? तसाच धावत येते अन् जाळ्यात सापडते. बटेराले मादीच्या आवाजाची शिट्टी लागते. तितर भांडायले येते, बटेर भेटायले." मी तेव्हा कॉलेजात होते. "बाबा, हा गुन्हा आहे," मी म्हटलं, "त्याला सोडत नाही तोवर मी दुकानाची पायरी चढणार नाही." तुम्ही भरदुपारी दुकान बंद केलंत आणि पिंजरा वावराच्या बांधावर नेऊन उघडलात. तो उडाला नाही, सरीतून पळत गेला. तुम्ही बराच वेळ तिकडेच बघत होतात. मग म्हणालात, "झालं समाधान, माय?"

पुढे लग्न, नोकरी, नांदुरा. माझं येणं कमी होत गेलं. मग एक दिवस तुमचा फोन, "बाई, तितर धरला एक. लय भारी ओरडते." दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने निघाले, खामगाव, मेहकर, दोन्हीकडे बस बदलत, रस्ताभर वाक्यं जुळवत. उतरले तेव्हा समोरच्या गादीवाल्या चाचांनी तुम्हाला हाक दिली, "लो भाई, आ गई तुम्हारी तितर!" तुम्ही ट्यूबकडे बघून हसलात. पिंजऱ्यावर कापड होतं. मी हात पुढे केला, तर म्हणालात, "राहू दे व, बिथरते तो." मग मी भांडले. तुम्ही "हाव, हाव" करत राहिलात, भजे मागवलेत, आणि बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणालात, "सोडतो उद्या." दोन-तीन महिन्यांनी पुन्हा फोन, पुन्हा तितर. अशी काही वर्षं गेली.

तुम्ही गेल्यावर मी सगळ्यांना हेच सांगत आले, की बाबांची ती सवय शेवटपर्यंत सुटली नाही. काल घरी येऊन जुनी डायरी काढली. अशाच एका फोननंतर मी आले होते, त्या दिवसाच्या पानावर इतकंच आहे: 'बाबा सुधारत नाहीत.' पण त्या दिवशी वाऱ्याने कापड उचललं होतं. आत तितर नव्हता. पाण्याची वाटी कोरडी होती आणि तिच्यावर कोळ्याचं जाळं होतं, एका दिवसाचं नव्हे. तुम्ही ट्यूबवर वाकलेले होतात. मला दिसलं, हे तुम्हाला दिसलं का, ते मला आजही सांगता येत नाही. मी कापड नीट केलं आणि नेहमीपेक्षा जोरात भांडले.

दूध नासलं तरी मी डायरीत लिहिते, बाबा. ही वाटी तेवढी लिहिली नाही. लिहिली असती, तर पुढच्या फोनला कोणत्या तोंडाने रागावून निघाले असते?

हा कागद त्याच पानात ठेवते आहे. त्या पानावर आज एक ओळ वाढवली: पिंजरा रिकामा होता, आणि मला ते ठाऊक होतं.