मानपत्रातला रस्त्यावरचा दिवा

तीर्थरूप बाबांना ईश्वरीचा टोकियोहून साष्टांग नमस्कार.

मी सुखरूप आहे. थंडी आता सोसवते. मात्र शाळेतल्या माझ्या सत्कारासाठी तुम्ही लिहिलेले मानपत्र वाचून मी हैराण झाले आहे. मी रस्त्यावरच्या दिव्याखाली कधी अभ्यास केला हो? आपल्या घरी चांगली ट्यूबलाइट होती आणि आई शेजारी बसून माझी उजळणी घेत असे.

आफ्रिकेतल्या स्वातंत्र्यनेत्यांची भाषणे हा माझ्या प्रबंधाचा विषय, हे तुम्हीच सर्वांना कौतुकाने सांगता. त्यांतल्या कित्येक भाषणांत नेता एकटाच अनवाणी शाळेत जातो आणि एकटाच देश सोडवतो. त्याला वाढवणारी, त्याच्याबरोबर तुरुंगात गेलेली माणसे कुठेच नसतात. दिवसभर अशा दंतकथा तपासून हिगाशी-कसाई भागातल्या माझ्या खोलीवर यावे, तर टपालात माझीच दंतकथा!

“अगं, लोकांना असंच आवडतं,” असे तुम्ही म्हणाल. ते नेतेही हेच म्हणत असतील.

आईने ते वाचले का? फोनवर विचारले, तर “गॅसवर दूध आहे गं” म्हणून तिने फोन ठेवला.

बाबा, तो दिवा खोडा आणि तिथे तिचे नाव घाला. नाहीतर सत्काराला मी येणार नाही.

एवढ्या एका गोष्टीपुरती तुमची अवज्ञा करणारी,
ईश्वरी